मायना तयार आहे, मजकूर कोण लिहिणार?

साशंक : नेटबीन्समध्ये तयार झालेल्या जावाच्या जुन्या फाइली उघडल्या की अगदी वरच एक सूचना दिसते. हा साचा बदलायचा असेल तर टूल्सच्या मेनूत टेम्प्लेट्स निवडा आणि तो एडिटरमध्ये उघडा, असा तिचा आशय. सूचना होती फाइल तयार करणाऱ्यासाठी. त्याने ती वाचावी, साचा आपल्या सोयीचा करावा आणि ती ओळ पुसून टाकावी, एवढीच अपेक्षा. पण ती ओळ कॉलेजच्या प्रोजेक्टांत राहिली, कंपन्यांच्या कोडमध्ये राहिली, सगळ्या जगासाठी खुल्या ठेवलेल्या कोडमध्येही राहिली. इक्लिप्सचंही तेच. तो रिकामी मेथड तयार करून देतो आणि आत लिहून ठेवतो, 'टुडू, ऑटो-जनरेटेड मेथड स्टब'. मग मेथड लिहून होते, चालू लागते, वर्षं जातात, तरी काम अजून बाकी असल्याचं ती ओळ सांगतच राहते. एडिटर आपोआप लिहितो त्या कॉमेंट आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्याव्यात, असं तुम्ही म्हणता. माझं म्हणणं, कशी बदलायची हे ज्या कॉमेंटमध्येच लिहिलं होतं तीसुद्धा लोकांनी बदलली नाही. ज्या ओळीवरून डोळे आपसूक पुढे सरकतात, तिला सजवून काय हाती लागणार?

उत्साही : तुम्ही दिलेला पुरावा माझ्या बाजूचा आहे. आयतं मिळालेलं आपण तसंच ठेवतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. मग आयतं काय मिळावं याचा विचार करायलाच हवा. आपल्याकडे पत्राला मायना असायचा. वडिलांना लिहिताना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, परक्याला सा. न. वि. वि. मायना ठरलेला असे, पण सगळ्यांना एकच नसे. कोण कोणाला लिहितंय हे पाहून तो बदलत असे आणि तो लिहिताना समोर कोण आहे याची लिहिणाऱ्याला आठवण होई. एडिटरचा तयार साचा म्हणजे जगातल्या प्रत्येक पत्राला लावलेला एकच मायना. तो ज्याने ठरवला त्याला तुमची टीम माहीत नाही, तुमचं काम माहीत नाही. इक्लिप्समध्ये प्रेफरन्सेस, जावा, कोड स्टाइल, कोड टेम्प्लेट्स एवढ्या पायऱ्या उतरलात की प्रत्येक साचा हाताशी येतो. इंटेलिजेमध्ये सेटिंग्जमधल्या एडिटरखाली फाइल अँड कोड टेम्प्लेट्स आहे. एक्सकोडमध्ये २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून प्रोजेक्टमध्येच एक छोटी फाइल ठेवता येते आणि सगळ्या टीमच्या नव्या फाइलींचा मथळा तिच्यातून येतो.

आणि हे नुसतं सजावटीचं काम नाही. इक्लिप्स कॅच ब्लॉक तयार करून देतो तेव्हा आत 'टुडू' ची ओळ असते आणि तिच्याखाली चूक फक्त छापून टाकणारी एक ओळ असते. म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक झाली, ती कुठेतरी छापली गेली आणि प्रोग्रॅम काही घडलंच नाही अशा थाटात पुढे गेला. घाईत असलेला माणूस तो ब्लॉक तसाच ठेवतो. मी टीमच्या साच्यात ती छापणारी ओळ काढली आणि चूक वर फेकणारी ओळ घातली. आता कोणी तो ब्लॉक विसरला तरी प्रोग्रॅम थांबतो, ओरडतो. पाच मिनिटांच्या कामाने एका जातीच्या लपलेल्या चुका बंद झाल्या. याला तुम्ही सजावट म्हणाल?

साशंक : नाही म्हणणार. ते काम चांगलंच केलंत. पण तुम्ही तिथे कॉमेंट सुधारली नाहीत, कोड सुधारलात. साच्यातली जी ओळ यंत्र चालवतं तिच्यात बदल केला की परिणाम होतो, कारण ती वाचली जाते, यंत्राकडून का होईना. माझी शंका फक्त माणसासाठी लिहिलेल्या ओळींबद्दल आहे. त्यांत तुम्ही काय घालता ते सांगा. बहुतेक टीमच्या साच्यात पहिलं असतं नाव आणि दुसरं तारीख. अमक्याने तमक्या दिवशी तयार केली. अँड्रॉइड स्टुडिओने ही ओळ वर्षानुवर्षं फाइलींवर छापली. इक्लिप्सला तर नाव ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळतं, म्हणून कितीतरी फाइलींचा कर्ता 'अ‍ॅडमिन' किंवा 'यूझर' आहे. ज्या फाइलीवर खरं नाव आहे तिथे तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि आतला कोड चार जणांनी चार वेळा पालटलेला असतो.

हा मोह नवा नाही. वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं आरसीएस लिहिलं. त्यात डॉलर चिन्हांच्या मध्ये 'लॉग' लिहिलं की फाइलीचा सगळा इतिहास कॉमेंटमध्ये आपोआप साठत जाई. पुढे सीव्हीएसमध्ये हीच सोय आली आणि दोन शाखा एकत्र करताना या आपोआप वाढलेल्या ओळीच एकमेकींशी भांडू लागल्या. सीव्हीएसच्या पुस्तिकेतच या अडचणीचा इशारा आहे. २००५ मध्ये गिट आलं. आता प्रत्येक ओळ कोणी आणि कधी बदलली हे एका आज्ञेत कळतं. अपाचे फाउंडेशनच्या संचालक मंडळाने २००४ मध्येच प्रकल्पांना सुचवलं होतं की फाइलीत कर्त्याचं नाव लिहिण्याची प्रथा टाळा. त्या कोडवर सगळ्यांची मिळून मालकी असते, एक नाव लिहिलं की दुसरे हात लावायला बिचकतात. म्हणजे जे यंत्राला आधीच ठाऊक आहे तेच साचा पुन्हा लिहितो, आणि यंत्र अद्ययावत राहतं तसा तो राहत नाही.

उत्साही : नाव आणि तारीख मी सोडून देतो. खरं तर आमच्या साच्यातून ती दोन वर्षांपूर्वीच गेली. पण 'यंत्राला ठाऊक आहे ते लिहू नका' हा नियम सरसकट लावू नका. कधीकधी ठरावीक जागी, ठरावीक शब्दांत, यंत्रासाठीच लिहावं लागतं. लिनक्स कर्नेलच्या हजारो फाइलींत परवान्याचा मजकूर नाना तऱ्हांनी लिहिलेला होता, काहींत नव्हताच. २०१७ मध्ये तिथे फाइलीच्या माथ्यावर एक ओळीची एसपीडीएक्स खूण घालायला सुरुवात झाली. ती कोणी हौसेने वाचत नाही, पण कोणती फाइल कोणत्या परवान्याखाली आहे हे प्रोग्रॅमला एका क्षणात काढता येतं. अशी ओळ प्रत्येकाने हाताने लिहावी ही अपेक्षा चूक आहे. ती साच्यातूनच यावी.

दुसरं, कॉमेंटमधून पुस्तक तयार होतं हे विसरू नका. १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्याबरोबर जावाडॉक आलं. एक तिरकी रेघ आणि दोन तारे टाकून जे लिहाल त्यातून वेबपानं तयार होत. 'पॅरम' पुढे काय द्यायचं, 'रिटर्न' पुढे काय मिळेल, 'थ्रोज' पुढे काय बिघडू शकेल. १९९७ मध्ये डिमिट्री व्हॅन हीश यांचं डॉक्सिजन आलं आणि सी++ वाल्यांनाही ती सोय मिळाली. सी# मध्ये तीन तिरक्या रेघा टाकल्या की सांगाडा उभा राहतो. पायथनमध्ये फंक्शनखाली तीन अवतरणचिन्हांत लिहिलेली डॉकस्ट्रिंग 'हेल्प' विचारलं की चालू प्रोग्रॅममध्येही वाचता येते. आपण सगळे जावा शिकलो ते कोणाच्या तरी भरलेल्या सांगाड्यांतून शिकलो. सांगाडा समोर आला नसता तर 'थ्रोज' पुढचा विचार किती जणांनी केला असता?

साशंक : ज्यांनी जावाची ती पानं लिहिली त्यांना माहीत होतं की लाखो अनोळखी लोक ती वाचणार आहेत. वाचणारा डोळ्यांसमोर होता म्हणून मजकूर उतरला. सांगाडा निमित्तमात्र. तोच सांगाडा कंपनीतल्या आतल्या कोडवर सक्तीने लावला की काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. 'कस्टमर आयडी' नावाच्या पॅरामीटरपुढे लिहिलेलं असतं, 'द कस्टमर आयडी'. सी# मध्ये कागदपत्रांची फाइल तयार करायची सेटिंग चालू असली की कंपायलर १५९१ क्रमांकाची ताकीद देतो, सार्वजनिक घटकावर कॉमेंट नाही म्हणून. काही टीम ताकिदीला चूक मानतात आणि बिल्ड थांबवतात. मग माणूस बिल्ड चालू करण्यासाठी लिहितो. त्यासाठी घोस्टडॉकसारखी साधनं आली. ती फंक्शनच्या नावावरूनच वाक्य तयार करतात. 'गेट कस्टमर नेम' चं काम काय, तर ग्राहकाचं नाव मिळवणं. भजनात टाळकरी बुवांच्या ओळीची री ओढतात, तिथे ती शोभते, कारण तिच्यामुळे भजन चढतं. इथे नावाचीच री कॉमेंटने ओढली, कळलं कोणाला काय?

आता ज्या कॉमेंट पन्नास वर्षांनंतरही लोक आवर्जून वाचतात त्या पाहा. अपोलो ११ च्या चांद्रयानाच्या संगणकाचा कोड उपलब्ध आहे. त्यात उतरण्याच्या समीकरणांच्या फाइलीत दोन ओळींपुढे कोणीतरी लिहून ठेवलंय की हे तात्पुरतं आहे, अशी आशा आहे, आशा आहे, आशा आहे. युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत एका अवघड तुकड्यावर लिहिलेलं आहे की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला, की हे परीक्षेत येणार नाही अशा अर्थाने ते लिहिलं होतं, आणि खरी अडचण ही होती की तिथे काय घडतंय ते आम्हालाही नीट समजलं नव्हतं. पहिलीत आशा आहे, दुसरीत कबुली. लिहिणाऱ्याला त्या जागी काहीतरी खुपलं म्हणून त्याने लिहिलं. असं काही विचारणारा रकाना कुठल्या साच्यात आहे?

उत्साही : आमच्या साच्यात आहे. तेच सांगायचं होतं. आम्ही 'पॅरम' आणि 'रिटर्न' चे सांगाडे काढून टाकले. व्हीएस कोडमध्ये पायथनसाठी ऑटोडॉकस्ट्रिंग नावाची जोड मिळते, तिला स्वतःच्या साच्याची फाइल देता येते. त्या फाइलीत मी तीनच ओळी ठेवल्या. एकक काय? हे कधी फसतं? हे असंच का केलं? प्रकार, नाव, क्रम हे सगळं कोडमध्ये दिसतं. या तीन गोष्टी दिसत नाहीत.

पहिला प्रश्न मी मुद्दाम ठेवला. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचलं आणि गेलं. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम छोट्या धक्क्यांचा आवेग पौंड-बल सेकंदात देत होता आणि तो वाचणारी बाजू न्यूटन-सेकंद धरून चालली होती. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. आकडा आकड्यासारखाच दिसतो, त्याचं एकक चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. त्या फंक्शनवर 'एकक काय' एवढा एक रकाना असता आणि लिहिणारा तिथे क्षणभर थांबला असता तर? तुमचा अपोलोचा माणूस मोठा होता, त्याला न विचारता खुपलं. आपल्यासारख्यांना कोणीतरी विचारावं लागतं.

साशंक : हे उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण त्याचा उरलेला भाग तुमच्या विरुद्ध जातो. न्यूटन-सेकंदच वापरायचं, हे त्या दोन प्रणालींमधल्या देवाणघेवाणीच्या करारात स्पष्ट लिहिलेलं होतं. एककाचा रकाना होता, तो भरलेला होता, बरोबर भरलेला होता. प्रोग्रॅम मात्र वेगळं करत होता. तुमचा साचा तिथे असता तर लिहिणाऱ्याने करार पाहून 'न्यूटन-सेकंद' असंच भरलं असतं. मग तपासणाऱ्याने कोड वाचायचं सोडून कॉमेंट वाचली असती आणि निर्धास्त झाला असता. रिकाम्या रकान्याने निदान शंका तरी जागी ठेवली असती. रकाना भरला की माणूस स्वस्थ होतो, माझी भीती ती आहे. कॉमेंटची चाचणी घेता येत नाही. कोड खोटं बोलला तर कधीतरी पकडला जातो, कॉमेंट खोटं बोलली तर तिला कोणी पकडत नाही.

उत्साही : (जरा थांबून) यातला अर्धा भाग मला मान्य करावा लागेल. करार एका दस्तऐवजात होता, कोड दुसरीकडे. माझा साचा ते अंतर कमी करतो, संपवत नाही. एकक तर खरं म्हणजे कॉमेंटमध्ये ठेवूच नये. पॅरामीटरच्या नावातच ते यावं किंवा प्रकारातच बांधावं, म्हणजे चुकीचं एकक दिलं की कंपायलरच अडवेल. 'कधी फसतं' यातलंही बरंचसं चाचण्यांमध्ये लिहिता येईल, आणि चाचणी खोटी ठरली तर लाल होते. असं एकेक काढत गेलं तर माझ्या तीन ओळींतली एकच टिकते. हे असंच का केलं.

साशंक : ती मात्र कुठेच ठेवता येत नाही. प्रकारात बसत नाही, चाचणीत बसत नाही. डोनाल्ड कनुथ यांनी १९८४ मध्ये लिटरेट प्रोग्रॅमिंगची कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रोग्रॅम माणसाला समजावून सांगण्यासाठी लिहावा आणि यंत्राने त्यातून आपल्यापुरतं काढून घ्यावं. टेक हा त्यांचा प्रचंड प्रोग्रॅम त्यांनी तसा लिहिला. तिथे कारण आधी येतं आणि कोड मागून. ती पद्धत फारशी रुजली नाही, कारण तेवढं गद्य लिहिण्याची तयारी फार थोड्यांची असते. तुमची तिसरी ओळ म्हणजे त्या मोठ्या आग्रहाचा चिमूटभर अंश आहे. तिला माझा विरोध नाही. पण आता त्या ओळीवरच नवं संकट आलंय. २०२१ च्या जूनमध्ये कोड सुचवणारं कोपायलट आलं आणि एडिटर फक्त सांगाडा देत थांबेनासा झाला, तो मजकूरही भरू लागला. तुमच्या 'का' पुढे तो अतिशय नीटस वाक्य लिहितो. कार्यक्षमतेसाठी, विश्वासार्हतेसाठी, आधीच्या प्रणालीशी जुळावं म्हणून. वाक्य चुकीचं नसतं. फक्त ते कोणालाच माहीत असलेलं कारण नसतं. जुना साचा मायना लिहायचा आणि मजकूर रिकामा सोडायचा. हा मजकूरही लिहितो आणि खाली सही तुमची.

उत्साही : त्यालाही सूचना देता येतात. प्रोजेक्टमध्ये एक सूचनांची फाइल ठेवता येते आणि सहायक ती दर वेळी वाचतो. आम्ही तिच्यात लिहिलंय की कोडवरून जे समजतं ते कॉमेंटमध्ये लिहू नकोस आणि कारण माहीत नसेल तर तिथे प्रश्न लिहून सोड. बहुतेक वेळा तो ऐकतो, कधी विसरतो. साचा बदलण्याचं जुनंच काम आहे हे, फक्त आता तो साध्या भाषेत लिहावा लागतो.

पण मी या साधनांच्या बाजूने का बोलतो ते सांगतो, कारण ते तुमच्या हिशेबात येत नाही. माझ्या टीममध्ये लातूरकडची एक मुलगी आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंजिनिअरिंग इंग्रजीत. डोकं लखलखीत. चार वर्षं तिने प्रॅक्टिकलची जर्नलं लिहिली, उद्देश, सिद्धांत, निष्कर्ष, सगळं मागच्या वर्षीच्या जर्नलावरून उतरवून, कारण स्वतःचं इंग्रजी वाक्य चुकलं तर सर काय म्हणतील ही धास्ती. नोकरीत आली तरी ती धास्ती गेली नाही. तिच्या कोडमध्ये कॉमेंटच नसायची. विचारलं तर तोंडाने मराठीत पाच मिनिटं सुरेख समजावून सांगायची. तिला पहिल्यांदा लिहितं केलं ते या आयत्या मसुद्याने. समोर वाक्य दिसलं की ते दुरुस्त करण्याची हिंमत येते, कोऱ्या जागेपुढे येत नाही. अशी मुलं पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत शेकड्यांनी आहेत. कोऱ्या जागेचा आग्रह धरणाऱ्यांना बहुधा लिहिण्याची भीती कधी वाटलेली नसते.

साशंक : हे मला लागलं, आणि लागायला हवं होतं. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतलाच. माझीही पहिली तीन वर्षं अशीच गेली. म्हणूनच माझा अनुभव सांगतो. आधीच्या एका नोकरीत माझ्या कोडमध्ये एके जागी प्रोग्रॅम चाळीस मिनिटं थांबत असे. त्यावर मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, महिन्याच्या शेवटच्या दिवशी समोरच्या बँकेची फाइल लेट येते, फोन केला होता, ते म्हणाले चाळीस मिनिट. व्याकरणाच्या चार चुका. पुढे कोणीतरी सगळ्या कॉमेंट साधनाकडून स्वच्छ करून घेतल्या. आता तिथे सुंदर इंग्रजीत लिहिलेलं आहे, की फाइल उपलब्ध होण्याची खात्री करण्यासाठी प्रतीक्षा. बँक गेली, महिन्याचा शेवट गेला, फोन गेला. नंतरच्या एका मुलाला चाळीस मिनिटं जास्त वाटली, त्याने दहा केली. महिनाअखेरीला सगळी रात्र जागून काढावी लागली. त्या मुलाची चूक मी धरत नाही. त्याने कॉमेंट वाचली होती.

तुमच्या लातूरच्या मुलीकडे पाच मिनिटांचं मराठी स्पष्टीकरण आहे. सोनं तिथे आहे. साधनाने तिला वाक्य दिलं, हिंमत दिली, मान्य. पण ते वाक्य तिच्या तोंडच्या पाच मिनिटांतून आलेलं नव्हतं, तिच्या कोडकडे पाहून आलेलं होतं. तिने ते दुरुस्त केलं की फक्त मान डोलावली?

उत्साही : कधी हे, कधी ते. खरं सांगायचं तर मी तपासलेलं नाही. पण तुमच्या बोलण्यातून मला एक सुचतंय. तिने मराठीतच का लिहू नये? आजच्या एडिटरला देवनागरी चालते, जावाला तर पहिल्यापासून युनिकोड चालतं. निदान आतल्या कोडमध्ये तिने 'का' पुढे मराठीत चार ओळी लिहाव्यात आणि साधनाने खाली त्यांचं इंग्रजी करावं. मूळ मजकूर तिचा, भाषांतर यंत्राचं, आणि दोन्ही शेजारी. मग खात्री करायला मूळ हाताशी राहील.

साशंक : तुमच्या टीममध्ये चेन्नईचे दोघं असतील, त्यांना मूळ वाचता येणार नाही. तरीही ही सूचना मला आवडली, कारण तिच्यात पहिल्यांदा दिशा उलटली. इतका वेळ यंत्र लिहीत होतं आणि माणूस मान्यता देत होता. इथे माणूस लिहितो आणि यंत्र सेवा करतं. साच्याबद्दल माझं भांडण कदाचित एवढंच असेल. पहिला शब्द कोणाचा? इक्लिप्सची 'टुडू' ओळ असो, घोस्टडॉकचं वाक्य असो, कोपायलटचा परिच्छेद असो, पहिला शब्द त्यांनी घेतला की माणूस वाचक होतो, आणि स्वतःच्याच कोडचा वाचक झालेला माणूस कारण विसरायला लागतो.

उत्साही : आणि पहिला शब्द माणसाचाच हवा म्हणून तुम्ही जागा कोरी ठेवलीत, तर दहापैकी नऊ जण पहिला शब्दच लिहिणार नाहीत. आमच्या टीममध्ये मी काही महिने तसं करून पाहिलं होतं, साचा पूर्ण बंद. कॉमेंट कमी झाल्या, ज्या उरल्या त्या चांगल्या होत्या, पण त्या लिहिणारे तेच तिघं होते जे आधीही चांगल्या लिहीत होते. उरलेले गप्प झाले. तुमचा मार्ग बोलणाऱ्यांचं बोलणं शुद्ध करतो. माझा मार्ग गप्प बसणाऱ्यांना बोलतं करतो आणि त्या बदल्यात खोटं बोलणं वाढवतो. यातलं कोणतं नुकसान परवडतं हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

साशंक : मीही नाही. रिकामी जागा पाहून मी चिडतो आणि भरलेली पाहून घाबरतो, हे तुमच्याशी बोलताना माझं मलाच नीट कळलं. एक मात्र निश्चित सांगतो. 'का' चा रकाना ठेवायचा असेल तर तो बिल्डच्या सक्तीशी बांधू नका. १५९१ च्या ताकिदीने जे केलं तेच होईल. तो रिव्ह्यूशी बांधा. कोड पाहणाऱ्याने लिहिणाऱ्याला तोंडी विचारावं, हे असं का? उत्तर कोडमध्ये सापडलं नाही आणि तोंडातून आलं, तर तेच शब्द तिथल्या तिथे, त्याच भाषेत, चुकांसकट लिहून घ्यावेत.

उत्साही : त्यासाठी साचा लागत नाही.

साशंक : नाही लागत. वेळ लागतो. एका रिव्ह्यूला पाच मिनिटं जास्त, तुमच्या त्या मुलीचीच पाच मिनिटं. ती तुमच्या वेळापत्रकात आहेत का, हे तुम्ही पाहा. सोमवारी तिचा पुढचा बदल तपासायला याल तेव्हा आधी कॉमेंट वाचू नका, तिला विचारा.